ओवाळणी आणि वाटणी

ओवाळणी आणि वाटणी हे दोन शब्द कवितेत सहज यमकाला बसतील. पण आमच्या खानदेशातल्या घरांत ते एका पाटावर कधी बसत नाहीत. भाऊबिजेला ओवाळणीचे नाव घ्यावे, वाटणीचे घेऊ नये, असा सभ्य संकेत आहे. बहिणीने ताट धरावे, भावाने खिशात हात घालावा आणि हाताला येईल ते ताटात टाकावे. किती टाकले हे बहिणीने पाहू नये. पाहिले तरी बोलू नये. हा संकेत गोड आहे आणि तो मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. मला कोडे पडते ते निराळेच. त्याच भावाने पंधरा दिवसांनी निरोप पाठवावा, 'ताई, सातबाऱ्याचे काम काढले आहे, एक सही करून जा'. आणि त्याच बहिणीने 'कशाची' आणि 'किती' हे न विचारता सही करून जावे, याला काय म्हणायचे? ही सही म्हणजे बहिणीने भावाला घातलेली ओवाळणी, की इतक्या वर्षांच्या ओवाळणीपोटी वसूल झालेली वाटणी?

कचेरीच्या भाषेत या सहीच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. माझे माहेर दोंडाईचे. शिंदखेडा तालुक्यातले, सुरत-भुसावळ रेल्वेवरचे आणि मिरचीच्या बाजारासाठी दूरवर माहीत असलेले हे गाव. तिथे काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, वडील वारले, दिवसकार्य आटोपले, तलाठ्याकडे वारसांची नावे गेली, की पाठोपाठ हा कागद येतो. त्यातली वाक्ये ठरलेली असतात. माझ्या लग्नात वडिलांनी पुष्कळ खर्च केला आहे. मी सासरी सुखात आहे. भावांवर माझा लोभ आहे. म्हणून मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, काही मोबदला न घेता माझा हक्क सोडीत आहे. दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक नाममात्र लागतो, आणि कागद असा चोख असतो की कायद्याला त्यात खोड काढायला जागा राहत नाही.

हे कागद पाहताना मला नेहमी वाटते, इतके एकसुरी औदार्य जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. गावोगावच्या बहिणींना अगदी त्याच शब्दांत तीच स्वखुशी होते! आणि भावांना? भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडून दिल्याचे एखादे पत्र माझ्या पाहण्यात अजून आलेले नाही. पाणी जेव्हा असे वर्षानुवर्षे एकाच बाजूला वाहते, तेव्हा उतार आहे म्हणून ते वाहते, की कोणी पाट काढून ठेवला आहे, हे एकदा बांधावर उभे राहून पाहिले पाहिजे.

पाट काढलेला आहे, आणि तो शास्त्राने काढला अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जुन्या स्मृतींनी मुलीला मुलाच्या बरोबरीने बसविले नाही, हे खरे. पण तिला रिकाम्या हातांनीही उठविले नाही. भावांनी आपापल्या वाट्यातला चौथा हिस्सा अविवाहित बहिणीला द्यावा, असे मनू सांगतो आणि याज्ञवल्क्यही सांगतो. पुढे काही टीकाकारांनी या चौथ्या हिश्श्याचा अर्थ 'लग्नापुरता खर्च' एवढाच लावला. पण विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरेत तो अर्थ नाकारला आहे. बापाच्या मागे कुमारी कन्येलाही अंश आहे, असे त्याने बजावून सांगितले आहे. आणि ही मिताक्षरा म्हणजे कुठल्या दूरदेशीचा ग्रंथ नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ती लिहिली गेली आणि महाराष्ट्रात वारसाहक्काचा निवाडा शतकानुशतके तिच्याच आधाराने होत आला. एवढे असून प्रत्यक्षात बहिणीच्या पदरात पडला तो लग्नाचा खर्चच. ग्रंथातला हिस्सा ग्रंथात राहिला.

तो तिथे का राहिला, याचे उत्तर 'रूढी' या दोन अक्षरांत आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८२७ मध्ये मुंबई सरकारने एक नियम केला, की दिवाणी दाव्यात सरकारी कायदा नसेल तिथे देशाचा रिवाज पाहावा. रिवाज नसेल तर प्रतिवादीचे धर्मशास्त्र पाहावे. तेही नसेल तर न्यायबुद्धीने वागावे. म्हणजे रिवाज पहिला, शास्त्र दुसरे आणि न्यायबुद्धी सर्वांच्या मागे! त्याच वर्षी आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याने सरकारच्या आज्ञेवरून दख्खनच्या प्रांतांतील हिंदू जातींच्या रिवाजांचे पुस्तक सिद्ध केले. माहिती विचारली ती शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या प्रमुखांना. त्या काळी जातीचा प्रमुख म्हणजे पुरुषच. घरात मुलीला काय मिळते, हे तिच्या भावाला विचारून लिहिले गेले आणि तो रिवाज ठरला. पुढे १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले, की रिवाज स्पष्टपणे सिद्ध झाला तर तो शास्त्राच्या लिखित वचनाला मागे सारतो.

हे केवळ हिंदूंच्या घरी घडले असते तर एखाद्याने दोष धर्माच्या माथी मारला असता. पण १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घराण्यांचे वारशाचे दावे चालले. त्या घरांतल्या मुलींनी म्हटले, कुराणात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सांगितला आहे, तो आम्हांला द्या. समोरच्यांनी म्हटले, आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याची चाल नाही. सर अर्स्किन पेरी यांनी निकाल चालीच्या बाजूने दिला, मुली हरल्या. एका धर्माने चौथा दिला, दुसऱ्याने अर्धा दिला. आणि दोन्ही ठिकाणी चालीने तो काढून घेतला. देवाचे नाव घेऊन दिलेला हिस्सासुद्धा भाऊबंदांच्या बैठकीत टिकत नाही, हा त्या निकालाचा खरा धडा आहे.

आमच्याकडे तर वतनांचाही पेच होता. पाटील, देशमुख, कुळकर्णी यांची वतने म्हणजे गावचा मान आणि त्याच्याबरोबर जमीन. १८८६ च्या कायद्याने ठरविले, की वतनाच्या वारशात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून बाकी सर्व स्त्रियांचा क्रमांक घराण्यातल्या पुरुषांच्या मागे. मुलगी सख्खी असली तरी दूरचा चुलतभाऊ तिच्या पुढे. वतने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. पण त्या क्रमांकाची सवय काही कायद्याने संपत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये हिंदू कोडाच्या चर्चेत याच जागेवर बोट ठेवले होते. प्रिव्ही कौन्सिलने रिवाजाला शास्त्राच्या वर बसविले नसते, तर एखाद्या वकिलाने किंवा न्यायाधीशाने याज्ञवल्क्याचे आणि मनूचे ते वचन उकरून काढले असते आणि स्त्रियांना निदान चौथा हिस्सा तरी केव्हाच मिळाला असता, अशा आशयाची खंत त्यांनी व्यक्त केली. ज्या कोडासाठी ते झिजले ते पुरे होत नाही असे पाहून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्याचे तुकडे पुढे एकेक करून आले. त्यातला वारसाहक्काचा कायदा १७ जून १९५६ पासून सुरू झाला.

पण तो तरी किती मोजून मापून! एक साधा हिशेब मांडते. वडिलोपार्जित अठरा एकर जमीन, आई आधीच गेलेली, वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. १९५६ च्या कायद्याप्रमाणे वडिलांच्या मृत्यूच्या वेळी जमिनीचे आधी तीनच वाटे धरायचे, बापाचा आणि दोन मुलांचे, सहा-सहा एकरांचे. मुलीला वाटा फक्त बापाच्या सहा एकरांत, आणि तोही भावांबरोबर. म्हणजे भावांना आठ-आठ एकर आणि बहिणीला दोन. राहत्या घरात तर भावांनी वाटणी मागेपर्यंत तिने मागायचीच नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः हक्कदार केले. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. त्यामुळे एकाच आईच्या दोन लेकी, मेमध्ये बोहल्यावर चढलेली एक आणि जुलैमध्ये चढलेली दुसरी, कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या जातींच्या झाल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही भिंत पाडली, राहत्या घराची अडवणूकही काढून टाकली. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलीचा हक्क जन्माचा आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. आता त्या अठरा एकरांचे सरळ सहा, सहा आणि सहा होतात.

दोन एकरांचे सहा एकर व्हायला एकोणपन्नास वर्षे लागली. आणि जे इतक्या वर्षांनी कागदावर आले, ते एका सहीने एका सकाळीत परत जाते. कायद्याने दार उघडले. पण दारात रूढी ओवाळणीचे ताट घेऊन उभी आहे.

भावांची बाजू मी ऐकली आहे आणि ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पहिला मुद्दा असा, की तिचा वाटा लग्नात दिला. आमच्या अहिराणीत एका वाक्यात हे येते, 'तिले काय कमी शे?' पण लग्नाचा खर्च आणि जमिनीचा वाटा यांत एक फरक आहे. लग्नातला पैसा मांडव, मानपान आणि व्याह्यांचे रुसवे यांत जातो. त्यातले मुलीच्या हाती काय राहते, हे ज्याने त्याने आपल्या घरी आठवून पाहावे. जमीन बसते ती जागेवर. आणि लग्न मुलाचेही होते. त्याच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोणी कापून घेतल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा मुद्दा म्हाताऱ्या आईबापांचा. त्यांना सांभाळतो मुलगा, मग जमीन मुलाची. हा मुद्दा वजनदार आहे. ज्याने खस्ता खाल्ल्या त्याला जास्त मिळावे, हे न्यायालाच धरून आहे. पण मग तो हिशेब खरोखर व्हावा. घरात म्हाताऱ्यांचे करते कोण, हे पाहिले तर बहुतेक वेळा ती सून असते, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी बहीण, जिने आपल्या माहेरी सही करून दिलेली असते. तिच्या नावावर इथे जमीन नाही, तिथेही नाही. शिवाय वडिलांना आपल्या स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. सेवा करणाऱ्याला जास्त द्यायचे तर तो उघड मार्ग मोकळा आहे.

तिसरा मुद्दा तुकड्यांचा. जमिनीचे तुकडे होतात, शेती परवडत नाही. खरे आहे. पण चार भावांत चार तुकडे होताना हे अर्थशास्त्र कोणाला आठवत नाही. ते आठवते पाचव्या, बहिणीच्या वेळी. तिने जमीनच घ्यावी असे कुठे आहे? खंडाचे पैसे आहेत, हप्त्यांनी किंमत आहे. तुकडा टाळण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांतली नेमकी एकच आपण निवडतो, आणि ती तिच्या अंगावरून जाते.

चौथा मुद्दा मात्र बोलला जात नाही, आणि तोच खरा आहे. तो म्हणजे माहेर. ज्या बहिणीने वाटा मागितला तिचे माहेर तुटले, असे सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे आखाजी हा लेकीबाळींचा सण. निंबाला झोके बांधले जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, आमरस होतो, मुऱ्हाळी लेकीला आणायला जातो. सासरी राबणाऱ्या बाईला वर्षाचे चार दिवस 'कोणाची तरी' असल्याचे सुख मिळते ते तेव्हा. म्हणून ती सही करते. 'माले काय करनं शे?' असे हसून म्हणते आणि करते. तिने सोडलेली असते जमीन. तिला राखायची असते ती झोक्याची जागा. यात दडपण कोणी आणले? कोणीच नाही. एका शब्दाचा धाक नाही, एक डोळा वटारलेला नाही. पण एका हातात एकर आणि दुसऱ्या हातात माहेर ठेवून 'यातले एक घे' असे ज्या माणसाला आयुष्यात एकदाच सांगितले जाते, त्याच्या निवडीला स्वखुशी म्हणणे हे भाषेवर अन्याय करणे आहे. भावाला ही निवड कधी करावी लागत नाही. त्याला जमीनही मिळते आणि बहीणही.

त्याच आखाजीला आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. सालदाराचे साल त्या दिवशी संपते आणि नवे सुरू होते. मालक त्याला समोर बसवतो, उचल किती घेतली, खाडे किती झाले, देणे किती राहिले, हे सारे मांडतो. हिशेब झाला म्हणून कोणी म्हणत नाही की मालकाचा आणि सालदाराचा जिव्हाळा संपला. उलट हिशेब चोख असला तरच सालदार टिकतो. घरी त्याच दिवशी लेक आलेली असते. तिच्या पुढे आमरसाची वाटी येते. वही येत नाही. माणसांतल्या मायेला हिशेबाने बाधा येते, हा नियम आपण फक्त तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

माझ्या मते सगळा घोटाळा ऋण आणि दान या दोन गोष्टींच्या अदलाबदलीचा आहे. जे द्यावेच लागते ते ऋण. जे न देता चालले असते आणि तरी दिले ते दान. दानाने ऋण फिटत नाही. सावकाराला वर्षानुवर्षे पेढे पाठवले म्हणून खत फाटत नाही. बहिणीचा वाटा हे भावाकडे राहिलेले ऋण आहे, आणि ओवाळणी हे त्याचे दान. रूढीने युक्ती केली ती अशी, की भाऊ जे थोडे देतो ते दान म्हणून मिरवावे, आणि बहीण जे पुष्कळ देते ते कर्तव्य म्हणून गिळून टाकावे. भावाच्या साडीचे कौतुक गल्लीभर होते. बहिणीच्या सहा एकरांचे कौतुक कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. तिचा हक्कच आधी अदृश्य केल्यामुळे तिचे औदार्यही अदृश्य होते. मला यात जमिनीच्या चोरीपेक्षा ही श्रेयाची चोरी अधिक लागते.

आणि हे ऋण कधी निकडीचे होते? दोंडाईच्याच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला बसलेल्या बायांत एखादी नवऱ्याने टाकलेली असते, एखादी अकाली विधवा झालेली असते. डोळे चुरचुरतात, बोटे जळतात. ज्या शेतात ती मिरची पिकली त्यासारख्याच एखाद्या शेताच्या कागदावर कधीतरी तिचे नाव होते, किंवा व्हायला हवे होते. भाऊ वाईट नसतो. तो तिला दोन घास घालतोही. पण भावाच्या घरी आश्रित म्हणून खाल्लेला घास आणि आपल्या बांधावर उभे राहून खाल्लेला घास यांची चव सारखी नसते. सही करताना ती 'सासरी सुखात' होती. सुख हे काही नोंदवून घेता येत नाही.

याच गावाच्या वस्तीत एक घर असे आहे की जिथे हा १९५६ चा कायदा पोहोचतच नाही. भिल्लांसारख्या अनुसूचित जमातींना तो, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. त्यांचा वारसा त्यांच्या रूढीने चालतो. आणि रूढी काय सांगते? पुष्कळदा ती काहीच सांगत नाही. मग आजवर गप्प रूढीचा अर्थ 'मुलीला नाही' असा लावला जाई. छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांनी आजोबांच्या मालमत्तेत तिचा हिस्सा मागितला, तेव्हा खालच्या न्यायालयांनी त्यांनाच सांगितले, की मुलीला वाटा मिळतो अशी चाल आधी सिद्ध करा. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे उलटे केले. मुलीला वगळणारी चाल सिद्ध झालेली नसेल तर ती वगळलेली आहे असे गृहीत धरता येणार नाही; केवळ स्त्री म्हणून वाटा नाकारणे हे घटनेतल्या समानतेच्या विरुद्ध आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. मला हा निकाल एका जमातीपुरता वाटत नाही. आपल्या सर्वांच्या घरांत बहिणीच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण 'नको' असा लावत आलो. गप्प माणसाचा अर्थ लावायचाच असेल तर तो त्याच्या बाजूने लावावा, हे त्या निकालाने शिकविले.

खानदेशाला हे अगदीच अनोळखी आहे असे नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या घरच्या लक्ष्मीचे ऋण मान्य करावे आणि जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, अशी ती हाक होती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावच्या शेतकऱ्यांनी ती मनावर घेतली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या नावे जमीन झाली. तो हिस्सा पत्नीचा होता, लेकीचा किंवा बहिणीचा नव्हता, हे खरे. पण शब्द वापरला तो ऋणाचा, आणि साध्या शेतकऱ्याला तो कळला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लेकीला आणि लेकाला सारखा वाटा आहे. वडिलांनाही तो पुरता डावलता येत नाही. तिथे भाऊबीज बंद पडलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर सर्व भावंडांची नावे एका ओळीत, एका मापाने लागावीत. बहिणीचे नाव 'इतर हक्का'च्या कोपऱ्यात ढकलू नये. मग मधे एक-दोन वर्षे जाऊ द्यावीत. पिकाचा तिचा हिस्सा तिच्या हाती पडू द्यावा, म्हणजे आपण काय सोडणार आहोत हे तिला कळेल. त्यानंतर तिने सारे ठेवले तर तिला लोभी म्हणू नये. ती आपलेच घेत आहे. आणि तिने काही भावाला दिले, तर ते दान आहे हे भावाने चारचौघांत सांगावे. आखाजीचा मुऱ्हाळी तर दोघींकडेही जावा, घेणारीकडे आणि सोडणारीकडेही. ज्या दिवशी वाटा घेऊन आलेल्या बहिणीसाठी निंबाला तोच झोका बांधला जाईल, त्या दिवशी हक्कसोडपत्रातला 'स्वखुशीने' हा शब्द प्रथमच खरा होईल.